सात आणि चौदा

‘गणितात उत्तर एकच असतं, म्हणूनच ते माणसाला सत्याकडे नेतं.’ केजच्या आमच्या क्लासच्या दारावर हे मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. वाक्य माझंच. संचालकांना काहीतरी भारदस्त हवं होतं आणि चहा येईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

त्या वर्षी अकरावीच्या तुकड्या पाडण्यासाठी मी परीक्षा काढली. पहिल्या तुकडीत फक्त वीस जण घ्यायचे होते. एका प्रश्नात (1 + x) चा घातांक शोधायचा होता: विस्तारातल्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या पदांचे सहगुणक सारख्याच फरकानं पुढं जातात, तर घातांक किती? उत्तरसूचीत मी सात लिहिलं. चौदा हा पर्याय मुद्दाम ठेवला. साताची दुप्पट दिसली की मुलं घसरतात.

नांदूरघाटची एक मुलगी एका गुणानं राहिली. वडील मेंढरं राखायचे. पहिल्या तुकडीत आलीस तरच रोज जीपनं केजला पाठवीन, असं त्यांनी तिला बजावलं होतं. निकाल लागला तसे ते तिला घेऊन आले आणि उत्तरपत्रिका माझ्यापुढं ठेवली.

“सर, हिचा गुण कावून कापला?”

“तिनं सात आणि चौदा, दोन्हींवर खुणा केल्यात.”

“सातबी बसतं सर, अन् चौदाबी,” मुलगी हळूच म्हणाली.

तिची चूक दाखवायला मी फळ्यापाशी गेलो. मांडणी केली, काटाकाट केली, शेवटी वर्गसमीकरण उरलं. वर्गसमीकरणाला दोन उत्तरं असू शकतात, हे मी दरवर्षी शिकवतो. मी खडू मुलीच्या हातात दिला.

मुलीनं खाली दोन ओळी लिहिल्या. साताची: ३५, २१, ७. चौदाची: १००१, २००२, ३००३.

वडिलांनी त्या निरखून पाहिल्या. “वरची चौदा-चौदानं उतरायलीय, खालची हजार एकनं चढायलीय. हाय का न्हाई?”

“आहे.”

“मग सरांचं सगळंच चुकलं का गं?”

“न्हाई, अर्धंच,” ती म्हणाली. उत्तरपत्रिका तपासताना इतकी दया मी कधी दाखवली नव्हती.

एवढ्यात संचालक आले. यादी छापून भिंतीवर लागली आहे, आता बदलली तर संस्थेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न येईल, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं.

“भिंत तुमचीच हाय ना, साहेब?” वडील म्हणाले. “मग लिवा की खाली.”

मी खिशातलं पेन काढून विसाव्या नावाखाली एकविसावं लिहिलं. वडिलांनी मोबाइलवर यादीचे दोन फोटो घेतले. पहिल्यात बोट आलं होतं.

“आता पहिल्या तुकडीत हाय ना?”

“आहे.”

“मग सोमवारपासून येईल.”

सोमवारी ती आली. पहिली तुकडी खिडकीकडच्या बाकांवर बसायची, दुसरी भिंतीकडच्या. क्लासला खोली एकच होती.