तिसऱ्या गाण्यातली टकटक

आधीच सांगून टाकतो — भूतखेत या विषयात माझा अनुभव शून्य. लहानपणी अंधाराला घाबरायचो, पण ते विंचवाच्या भीतीने, अशी माझी अजूनही अधिकृत भूमिका आहे.

साल २०१९. तलासरीजवळ आमची चिकूची छोटी वाडी. तेव्हा आमच्याकडे भूकंपाचे धक्के थांबतच नव्हते. सगळं गाव ताडपत्रीखाली राहायला आलेलं. फक्त आमच्या वहिनी घर सोडेनात. काही महिन्यांपूर्वी दादा — माझा थोरला भाऊ — चिकू उतरवताना झाडावरून पडून गेला. तेव्हापासून त्या त्याच्या खाटेवर बसून. मागच्या भिंतीला हात आत जाईल एवढी भेग...

"वहिनी, बाहेर चला. घर पडेल."

"पडू दे. तुम्ही जा भावजी. तुम्ही तर ट्रक गेला तरी पळता."

खरं होतं ते.

त्यांची मावसबहीण शैला नाटकांत गाते. तिनं जॅझचा अल्बम केला होता, तो वहिनींच्या मोबाइलवर पाठवला. जॅझ म्हणजे वाजवणारे एकमेकांवर रुसलेत, असं माझं मत. पण हे वेगळंच निघालं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणारी ही बाई इथे उशाशी बसून बोलल्यासारखी गात होती. साथीला नुसता पियानो. दादा गेल्यावर वहिनी पहिल्यांदा रडल्या त्या हे ऐकून. मग जेवल्याही.

एका दुपारी मी पुन्हा विनवण्या करायला आत गेलो. तिसरं गाणं चालू होतं. मध्येच — टक टक... टक. लाकडावर लाकूड.

ती दादाची खूण! झाडावरून तो बांबू फांदीवर असाच आपटायचा — म्हणजे खाली टोपली धर.

"आले हो!" म्हणत वहिनी टोपली घेऊन थेट चिकूखाली. मागोमाग मी, अनवाणी. तोच जमीन हादरली. भेगेची भिंत आत कोसळली... खाटेवर.

शैलाला फोन केला. "टकटक? अहो, पियानोशिवाय त्यात काहीच नाही!"

नंतर ते गाणं कितीदा ऐकलं. टकटक नाही. धक्क्याआधी घराची लाकडं वाजली असतील, असं लोक म्हणतात. असतील. पण दोन, आणि मग थांबून एक?

वहिनी आता अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. रोज गाणं लावतात, टोपली मांडीवर घेऊन. "आज नाही बोलावलं," म्हणतात, तेव्हा त्यांच्याकडे बघवत नाही.

मी? तिसरं गाणं लागलं की मुकाट्यानं चिकूखाली जाऊन उभा राहतो. वर बघायचं धाडस मात्र अजून झालेलं नाही.