बोसिबोरीकाकूंचं खरं बोट

१२ मार्च २०१९ रोजी बोसिबोरीकाकूंच्या नावावर वृद्धांच्या मानधनाचे चार हजार शिलिंग जमा झाले. ते त्यांना मिळाले नाहीत, कारण बोटं ओळखणाऱ्या नव्या यंत्राच्या मते त्या बोसिबोरीकाकू नव्हत्या.

केनियातल्या आमच्या तबाका गावात पुरुष शंखजिऱ्याच्या मऊ दगडाचे हत्ती-पाणघोडे कोरतात आणि बायका ते टबातल्या पाण्यात धरून पॉलिशपेपरने घासतात. मी या कारागिरांच्या सोसायटीचा हिशेबनीस. काकूंनी घासलेले पाणघोडे कुठकुठल्या देशांत गेले, हे मी सांगू शकतो. त्यांच्या बोटांवरच्या रेषा कुठे गेल्या, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता.

बाजारात मानधन वाटपाच्या खिडकीवर टिनेगा बसतो. पूर्वी तो रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने यंत्राचा पडदा काकूंकडे वळवला. पडद्यावर जवळजवळ काहीच नव्हतं.

"काकू, हे तुमचं बोट."

"कुठे?"

"तेच तर! यंत्र बोटाचा फोटो काढतं, मग एकेक रेष दोन्ही बाजूंनी सोलत सोलत केसाएवढी बारीक करतं. ती कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, एवढंच बघून माणूस ओळखतं. तुमच्या रेषा आधीच झिजलेल्या. सोलल्यावर उरणार काय?"

"मग त्याने वेळेवर थांबावं ना! माझ्या हातून हत्तीची सोंड घासून गेली, तर मुकादम मला सोडतो का?"

टिनेगाने शेवटी सांगितलं, की दगडाला हात लावू नका, कातडी नवी येईल, रेषा वर येतील. मात्र जूनअखेरपर्यंत बोट जुळलं नाही, तर यादीतून नाव कायमचं जाईल. काकू विधवा, मुलगी लांब मोम्बासाला. घासण्याच्या मजुरीत मीठ-साबण भागायचा. बाकी सगळं त्या मानधनावर.

मग त्या बोटाचा ताबा गावाने घेतला. भिशीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या. भिशीची प्रमुख गेसारे. तिने काकूंच्या हातांना साय चोळली आणि वर आपल्या मुलाच्या फुटबॉलचे मोजे चढवले.

"भांड्याला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे."

"अगं, मग जेवू कशी?"

"मी भरवते. उघड तोंड."

असा ओबोकिमाचा, म्हणजे पिठाच्या घट्ट उकडीचा, गोळा आणि पालेभाजी काकूंच्या तोंडात जाऊ लागली. चर्चमध्ये लोक त्यांच्याशी हात मिळवेनात. रेष झिजायची म्हणून कोपराला कोपर लावत. पाद्रीबाबांनीही कोपरच पुढे केलं. सोसायटीच्या सभेत 'बोसिबोरी यांच्या बोटांची प्रगती' हा विषय रीतसर ठेवावा लागला आणि त्यावर दोन सदस्यांची बाचाबाचीही झाली.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही सगळे काकूंना खिडकीवर घेऊन गेलो. गेसारेने मोजा उतरवला.

"वा!" टिनेगा म्हणाला. "नुकत्या नांगरलेल्या शेतासारखं बोट आहे!"

काकूंनी ते काचेवर ठेवलं. लाल दिवा लागला.

"या बोसिबोरी नाहीत," टिनेगा म्हणाला.

"मग मी कोण?"

"कुणीतरी दुसऱ्या. पण बोट फार सुंदर."

त्याने नोंदणीच्या दिवशीचं चित्र उघडलं आणि बराच वेळ डोकं खाजवलं. मग उलगडा झाला. नोंदणीला काकू टबावरून उठून तशाच आल्या होत्या; पैसे घ्यायला मात्र बारीक कागदाचं काम उरकून, हात धुऊन. रेषांच्या मधल्या खाचांत दगडाची पूड बसलेली, पाण्याने अंगठ्याला भेगा पडलेल्या. यंत्राने पूड आणि भेगा दोन्ही रेषाच समजून सोलल्या, त्यांना फुटलेले फाटे मोजले आणि तीच बोसिबोरी म्हणून कायम केली.

"नवीन बोट नोंदव मग," मी म्हणालो.

"नवीन नोंदवायला आधी जुनं जुळवावं लागतं, साहेब."

गेसारे मटकन बाकावर बसली. "म्हणजे इतके दिवस भरवून भरवून आम्ही परकी बाई तयार केली!"

 काकूंनी मोजे गेसारेच्या मांडीवर ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टबापाशी हजर होत्या. "नोंदणीच्या दिवशी बसलेला पाणघोडा घासत होते," त्या म्हणाल्या. "खरखरीत कागदाने. द्या तसलाच." हात तोच, पकड तीच, काही आठवड्यांत भेगा आपापल्या जागी परत आल्या.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी टब, पाणघोडा आणि पॉलिशपेपर असं सगळं खिडकीपाशी नेलं. काकू रांगेशेजारी बसून घासू लागल्या. मधूनच उठायच्या, बोट टेकवायच्या. लाल. पुन्हा घासायच्या. रांगेतल्यांना आता स्वतःच्या पैशांची घाई राहिली नव्हती.

"पूड कमी पडतेय, आजी!"

"अहो, फार ओलं झालं, जरा झटका!"

"आता पुरे, आता पुरे! लाव, लाव!"

टिनेगाने खिडकी बंद करायला हात घातला, तेवढ्यात काकूंनी पाणी झटकून अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला.

"या बोसिबोरीच आहेत!" टिनेगा ओरडला. रांगेने टाळ्या वाजवल्या.

"नक्की ना?" गेसारे म्हणाली. "मग टाक भिशीचा थकलेला हप्ता."

काकूंना मागचे सगळे पैसे मिळाले. "आता नवीन बोट नोंदवू या का?" टिनेगाने विचारलं. काकूंनी साफ नकार दिला. नव्या बोटासाठी पुन्हा मोजे घालून गेसारेच्या हातून जेवायची त्यांची तयारी नव्हती. तेव्हापासून दर वाटपाला त्या टब घेऊनच येतात.

तो पाणघोडा घासून घासून इतका गुळगुळीत झाला होता, की कान, नाक, पाय काही उरलं नव्हतं. तो आम्ही अंडं म्हणून विकला. दर दोन महिन्यांनी असं एक अंडं तयार होतं.

त्या दिवशीच्या खरखरीत पॉलिशपेपरचे साठ शिलिंग काकूंकडून अजून येणे आहे.