सुजाता आणि न उघडणारं पान

पान पांढरं झालं होतं. वर नाव नाही, खाली गाव नाही, काहीच नाही. सुजातानं ते बंद करून पुन्हा उघडलं, तरी पांढरंच. तिच्या कानाला फोन होता आणि फोनवर चंदगडचा एक माणूस होता. त्याची बायको बाळंतपणाला कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलेली. सिझर झालं होतं, रक्त थांबत नव्हतं, आणि रक्तपेढीतली एकही पिशवी तिला जुळत नव्हती. तिचं रक्त बॉम्बे गटाचं निघालं होतं. हा गट फार थोड्या माणसांचा असतो आणि त्यांना दुसऱ्या कुणाचंही रक्त चालत नाही. ती थोडी माणसं कुठं राहतात, त्यांचे फोन काय, हे सगळं ज्या वेबसाइटवर होतं ती सुजातानं बनवलेली, आणि तीच उघडत नव्हती. "ताई, तुमचं पान दिसंना झालंय की," तो माणूस म्हणत होता. ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

सुजाता माझी सून, माहेर गारगोटीचं. ती गेली त्याला महिना होऊन गेला. सकाळी डोकं दुखतंय म्हणून चहा अर्धा ठेवला, आणि संध्याकाळी डॉक्टरांनी माझ्या मुलाला, उमेशला, आत बोलावून सांगितलं. डोक्यातली शीर फुटली होती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या बायका म्हणाल्या, गुणाची होती, कुणाला शब्दानं दुखावलं नाही. खोटं आहे. ती फटकळ होती, आणि तिच्या हातची भाकरी मला कधीच आवडली नाही. पण कामाला चोख होती. एकदाच चुकली आणि ते मी जवळ बसून बघितलं, म्हणून त्या दिवसाचंच लिहिते.

आमची पिठाची गिरणी आहे. गिरणीमागच्या खोलीत बसून सुजाता पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. लोकांच्या वेबसाइटी ही कंपनी आपल्या मशीनवर ठेवते आणि त्यांची देखभाल करते. कुठं नवीन सुधारणा आली ती घालायची, भोक पडलं ते बुजवायचं, रोज प्रत काढून ठेवायची. दुकानदार आपला माल विकत बसतो, त्याला आत काय चाललंय ते कळतही नाही. मला वाटायचं, चालू असलेल्या वस्तूला ही बाई सारखी हात का लावते? एकदा विचारलं, तर म्हणाली, तुम्ही जात्याला टाकी का लावता? ते मला लगेच पटलं. जात्याचे दगड झिजून गुळगुळीत झाले की छिन्नीनं पुन्हा खरबरीत करावे लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी गिरणी बंद ठेवून ते करावं लागतं, नाहीतर दगड तापतो आणि पीठ करपतं. टाकीनंतरचं पहिलं दळण गिऱ्हाइकाचं घ्यायचं नसतं, त्यात दगडाची कच येते. आम्ही पसाभर जोंधळा घालतो आणि ते पीठ टाकून देतो. सुजाता म्हणाली, मी पण तेच करतो. आधी साइटीची दुसरी प्रत करायची, सुधारणा तिच्यावर घालून बघायची, काही मोडलं तर तिथं मोडू दे. मग खऱ्या साइटीला हात.

आमची भांडणं विजेवरनं व्हायची. गिरणीची मोटर चालू झाली की दिवे मंद व्हायचे आणि तिचा इंटरनेटचा डबा बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. म्हणून सुधारणा घालायची असली की ती आतनं सांगायची, "आत्ती, आता गिरणी लावू नका." बाहेर डबे घेऊन बायका ताटकळायच्या. शेजारची शालन तर रोज टोमणा मारायची. "काय गं, गिरणी तुझी का सुनंची?" मी म्हणायचे, वीजबिल सून भरते, मग तिचीच. मग शालन डब्यावर डबा ठेवून बसून राहायची, आणि आतनं सुजाता हाक द्यायची, "लावा आता."

स्वतःचं रक्त बॉम्बे गटाचं आहे हे सुजाताला कॉलेजात रक्त द्यायला गेली तेव्हा कळलं होतं. पुढं तिनं त्या गटाची माणसं शोधून काढली आणि त्यांच्यासाठी ही साइट उभी केली. कंपनीच्याच मशीनवर. तालुका टाकला की तिथल्या माणसांची नावं यायची. तालुका शोधायचा तो भाग कुणीतरी बनवून दिलेला, आणि बनवणाऱ्यानं पुढं त्याच्याकडं बघितलंच नाही. सुधारणा घातली तर तो मोडेल ही तिला भीती. म्हणून तिनं ही एक साइट बाजूला काढून ठेवली, हात लावू नका असं लिहून. कंपनीकडून सूचना येत होत्या की जुनी पद्धत बंद होणार, सगळ्यांनी नव्यावर या. लोकांच्या साइटी तिनं वेळेत नव्यावर नेल्या. स्वतःची उद्यावर, परवावर. गिरणीवाल्याच्या घरचं दळण सगळ्यात शेवटी पडतं, तसंच झालं. त्या दिवशी कंपनीनं जुनी पद्धत बंद केली आणि पान पांढरं झालं.

त्या गटाच्या दोघांचे नंबर तिच्या फोनात होते. सांगलीच्या माणसाला ताप होता, त्याचं रक्त चालणार नव्हतं. दुसरा फोन उचलत नव्हता. तिसरं नाव तिचं स्वतःचं. पण दवाखान्यातून सांगितलं होतं की एका पिशवीत भागणार नाही, निदान आणखी एक माणूस बघा. तिनं तो मोडका भाग काढून टाकला, तसं पान उघडलं, पण रिकामं. नावं त्या भागाच्याच पोटात होती. आता आदल्या दिवशीच्या प्रतीतून ती परत भरायची, आणि त्याला वेळ लागणार. तिनं ते काम लावून दिलं. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. सुजाता उठली.

"आत्ती, मी रक्त द्यायला जातो. तुम्ही हितं बसा. पट्टी भरली की नावं दिसतील, ती मला फोनवर वाचून सांगायची."

"आणि न्हाय भरली तर?"

"भरंल की."

"सुजाता, न्हाय भरली तर?"

ती चप्पल घालत होती. "मग माझं एकटीचंच," म्हणाली आणि गेली.

मी बसले. बाहेर शालन आलेली, तिच्या घरी पाहुणे होते, पीठ संपलेलं. मी दारातनं सांगितलं, एक बाई दवाखान्यात रक्त जाऊन मरायला लागली आहे, गिरणी लागणार नाही. शालननं डबा खाली ठेवला आणि मोटरच्या बटणाजवळ जाऊन पाठ लावून उभी राहिली. दुसरी बाई आली तिला तिनंच परत पाठवलं. मी आत येऊन बघते तर पट्टी थांबलेली... मी जागची हलले नाही, श्वाससुद्धा जपून घेतला, जणू माझ्या श्वासानं ती मागं गेली असती. वीज गेली तर काय, इंटरनेट गेलं तर काय, मी चुकून कुठं हात लावला तर काय... दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. ती बाई मला दिसत होती, जिला मी कधी बघितलं नव्हतं. आणि तिच्या शेजारी कपड्यात गुंडाळलेलं मूल.

पट्टी सरकली. भरली. नावं आली, पण तालुक्याचा भाग काढलेला, त्यामुळं सगळी एकाखाली एक, कुणाचा कुठंच मेळ नाही. मी फोन लावला. सुजाताच्या हाताला रक्त काढायची सुई लागलेली, फोन चंदगडच्या माणसानं तिच्या कानाला धरलेला. ती म्हणाली, जवळचं गाव बघा. मी चौथीपर्यंत शिकले आहे, वाचते ते बोट ठेवून. बेळगाव, सातारा, पुणे... मग इचलकरंजी. नंबर सांगितला, तिनं पुन्हा एकदा हळू सांगायला लावला, त्या माणसानं तो तळहातावर लिहून घेतला. इचलकरंजीचा गडी यंत्रमागावरनं उठला तो तसाच दवाखान्यात आला, अंगावर सुताची धूळ घेऊन.

सुजाता घरी आली, तांब्याभर पाणी प्याली. मी म्हणाले, "तुझ्यामुळं ती बाई मेली असती."

ती म्हणाली, "व्हय."

एवढंच. मग मी तिला जेवायला वाढलं. जेवून ती पुन्हा मशीनसमोर बसली आणि आपल्या साइटीची प्रत काढून कामाला लागली. त्यानंतर ती साइट तिनं कधी मागं पडू दिली नाही. दुसऱ्यांच्या आधी तिची व्हायची.

मला मात्र तेव्हापासून घोर लागला. ही स्कूटरवरनं गारगोटीला निघाली की मी दारात उभी. कुठं पडली, लागलं, तर हिला रक्त कोण देणार? ती म्हणायची, साइट हाय की. आणि शेवटी तिला रक्त लागलंच नाही. डॉक्टर म्हणाले, आता काही देऊन उपयोग नाही. इतकी वर्षं मी चुकीच्या गोष्टीला भीत बसले होते.

तिची साइट आता पुण्याच्या कंपनीतली तिची जोडीदारीण बघते. साइटीवर जी नावं आहेत त्यांना ती अधूनमधून स्वतःहून विचारते, तुम्ही अजून रक्त देऊ शकता का? खाली हो आणि नाही अशी दोन बटणं. परवा तो निरोप सुजाताच्या फोनवर आला. फोन उमेशकडं असतो. तो शिरोलीहून कामावरनं आलेला, तसाच गिरणीत फोन धरून बसला. मी वाचलं. वर तिचं नाव, खाली तो प्रश्न.

"राहू दे की आई," तो म्हणाला. "एक नाव राहिलं तर कुणाचं काय जातंय?"

मी म्हणाले, "कुणीतरी दवाखान्यातनं या नंबरला फोन लावत बसंल. उचलणार कोण? तू?"

तो उठला. फोन माझ्या हातात देऊन बाहेर गेला. मी बोट ठेवून दोन्ही बटणं पुन्हा वाचली आणि नाही दाबलं. मग आपल्या फोनवर साइट उघडून बघितली. उघडली. तिचं नाव गेलेलं होतं. बाकीची होती. त्यांत चंदगडचं एक नाव आहे, मागनं घातलेलं.

ती बाई जगली. तिची मुलगी जगली.