अंबाड्याखालची डबी

माझे दोन्ही कान लहानपणापासून वाहतात. ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा कानात घालायचं मशीन घेतलं, तर भोक बुजल्यामुळे पू आणखी वाढला. परळच्या डॉक्टरांनी ते बंदच करायला लावलं. तेव्हापासून वरळी कोळीवाड्यातल्या माझ्या मासळीच्या पाटीवर गिऱ्हाइकांशी माझी जाऊ बोलू लागली. "तिला ऐकायला येत नाय, भाव माझ्याशी करा." पाटी मी उभी केलेली, गिऱ्हाईक मी जोडलेलं, आणि मी नुसती मासे कापायला. तो राग मी अजून सोडलेला नाही.

त्याच डॉक्टरांनी मला एका इंजिनिअर मुलीकडे पाठवलं. माझ्यासारख्यांसाठी ती नवं यंत्र बनवत होती. बाटलीच्या झाकणाएवढी डबी, ती पट्ट्याने कानामागच्या हाडावर दाबून बसवायची. आवाज हाडातून आत जातो, कानाचं भोक मोकळं राहतं. बंद खोलीत तिने डबी लावली आणि हळू बोलली. मला शब्दन् शब्द कळला. ती खूश झाली, मी नाही.

"इथे माशीसुद्धा नाय," मी म्हटलं. "माझ्या पाटीवर चालेल तेव्हा सांग."

चाचणी खोलीतच करायची असते, असं ती समजावू लागली. मी उठून चालू लागले. जिन्यापाशी तिची हाक आली. डबी डोक्यावरच होती, म्हणून ऐकूही आली. चाचणी माझ्या पाटीवर करायची, असा सौदा जमला.

बाजारात पहिल्या दिवशी माणसांपेक्षा बर्फ फोडण्याचाच आवाज मोठा. तेलकट केसांवरून पट्टा घसरायचा. मी तो स्वतःच करकचून आवळला आणि कानामागची कातडी सुजली. इंजिनिअर मुलगी चिडली, मीही चिडले, पण चूक माझी होती. शेवटी असं ठरलं, की मी त्या बाजूला तेल लावायचं नाही, पट्टा सैलसर अंबाड्याखालून घ्यायचा, आणि डबीत बर्फाच्या ठोक्याचा आवाज कमी करणं तिच्याकडे. ती डबी परत नेत राहिली, बदलून आणत राहिली.

मग एका सकाळी सुरमईसमोर एक जोडपं उभं होतं. जावेने भाव सांगितला. बाई नवऱ्याच्या कानाशी लागली, "घ्यायचीच आहे, पण तू चालू लाग. बोलावतील."

दोघं निघाली. जाऊ हाक मारणार, इतक्यात मी तिचा हात धरला. दोघं कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली आणि परत आली.

जाऊ सवयीने माझ्या कानात ओरडली, "कमी करायला सांगतायत गो!"

"ओरडू नको," मी म्हटलं. "त्यांचं मी आधीच ऐकलंय. सरक तिकडे."

सुरमई मी सांगितलेल्या भावाने गेली. हल्ली मासे जाऊ कापते. बरे कापते.