जयभीमपुरता माणूस

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, विमा आणि गुंतवणूक सल्लागारांच्या आमच्या संघटनेने, मुंबईला मंत्र्यांना भेटायला जाणाऱ्या शिष्टमंडळात माझी एकमताने निवड केली. कामगिरी अतिमहत्त्वाची. मंत्र्यांना जयभीम करणे.

थट्टा नाही. आकुर्डीच्या कार्यालयात, भरल्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "मंत्री तुमच्यातलेच आहेत. घरी निळं उपरणं असेल ना? घालून या. आत गेल्यावर खणखणीत जयभीम करा. पुढचं आम्ही बोलतो."

सगळे हसले. मीही हसलो. या धंद्यात माझे केस पिकले. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांचे जिने चढून मी पॉलिसी विकल्या. संघटनेला माझी आठवण झाली ती उपरण्यासाठी. तोंडावर हसू तसंच होतं.

तरी गेलो. कारण निवेदनातली एक मागणी माझी होती. काळेवाडीत माझ्या शेजारी शोभाताई राहतात. त्यांचा नवरा चाकणला ठेक्यावर होता, प्रेस मशीनवर. मशीनमध्ये सापडून गेला. कंपनी म्हणाली, आमचा माणूस नाही. ठेकेदार म्हणाला, विमा काढला नव्हता. ताई आता तिथेच एका कॅन्टीनमध्ये भांडी घासतात. मागणी एवढीच, की कामगारांचा अपघात विमा दाखवल्याशिवाय ठेकेदाराला परवाना देऊ नका.

लोणावळा मागे पडलं तसं अध्यक्ष गाडीत सहज म्हणाले, "ती ठेकेदारांच्या परवान्याची मागणी आज राहू द्या. मंत्र्यांकडे वेळ कमी असतो."

"मग आज मागायचं काय?"

"संघटनेच्या भवनासाठी जागा. तुम्ही कशाला टेन्शन घेता राव? तुमचं काम सोपंय."

घाट उतरताना मी उपरणं गळ्यातून काढलं. लाज वाटली म्हणून नाही. ते माझ्या वडिलांचं. कंपनीच्या गेटवर सभा घेताना ते घालायचे. कुणाच्या भवनासाठी ते भाड्याने द्यायचं नव्हतं. घडी करून पिशवीत ठेवलं.

दालनात मी जयभीम केला. माझा, माझ्या आवाजात. मंत्र्यांनीही केला. अध्यक्षांनी घसा साफ केला. मी खाली बसलो नाही.

"साहेब, जागेच्या आधी एक ऐका."

शोभाताईंचं सगळं सांगितलं. मागणी सांगितली. अध्यक्ष मागून माझा शर्ट ओढत होते. "बसा हो. तुमचं झालं ना?"

माझं काहीच झालेलं नव्हतं. तिथेच उभ्या उभ्या ठरवलं. यापुढे मला ज्या खोलीत नेतील, तिथे मी बोलणार. बोलू द्यायचं नसेल तर नेऊ नका. नाही नेलंत तर शोभाताईंना बरोबर घेऊन मी माझा येईन, आणि दार उघडेपर्यंत दारात बसेन.

मंत्री अध्यक्षांकडे वळले. "मागणी चांगली आहे की. विमा वाढला तर धंदा तुमचाच वाढेल. मग संघटनेची हरकत काय?"

अध्यक्षांच्या तोंडून निघून गेलं, "अहो साहेब, माझ्या मेव्हण्याकडे चारशे पोरं आहेत ठेक्यावर, सगळ्यांचे विमे काढायचे म्हणजे तो रस्त्यावर येईल की!"