पाच बारांची अट

सासरी माझ्या नावावर काय आहे असं कुणी विचारलं असतं, तर परवापरवापर्यंत मी गॅसचं कार्ड सांगितलं असतं. शेत मामांच्या नावावर, फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, आणि मी रोज शाळेत घेऊन जाते ती स्कूटरसुद्धा त्याच्याच नावावर. याचं मला फारसं वाईट वाटत नव्हतं. पण बंदूक माझ्या नावावर व्हावी असं मला मनापासून वाटत होतं आणि ते मी घरात सरळ बोलून दाखवलं होतं.

मामा म्हणजे माझे सासरे. अक्कलकोट तालुक्यात आमची ज्वारी-तुरीची जमीन आहे, तिथं रानडुकरं हुसकायला म्हणून त्यांनी फार वर्षांपूर्वी परवाना काढला आणि बारा बोअरची सेमी-ऑटोमॅटिक घेतली. आजूबाजूच्या गावांत ज्यांच्याकडं बंदूक आहे, त्यांच्याकडं दुनळीच. आमची एकनळी, पण एक काडतूस नळीत आणि चार खालच्या नळकांड्यात, असे पाच बार. एक बार उडाला की रिकामं काडतूस ती आपणच बाहेर फेकते आणि पुढचं आपणच वर घेते. मी गणित शिकवते. इतकं शिस्तीत चालणारं दुसरं काही आमच्या घरात नव्हतं, त्यामुळं लग्न होऊन आल्यापासून माझा तिच्यावर जीव.

तेलाच्या वासानं नवऱ्याचं डोकं धरतं. माणूस लाखात एक, पण दिवाळीत लवंगी फटाक्यालाही कानात बोटं घालतो. त्यामुळं बंदूक साफ करायचं काम बावीस वर्षं माझ्याकडं. मामा शेजारी बसून सांगायचे, मी करायची. नळीतून चिंधी ओढायची, तेलाचा थेंब कुठं आणि किती, स्प्रिंग कुठल्या बाजूनं बसते, सगळं मला पाठ झालं. मामांचं वय सत्तरीच्या पुढं गेल्यावर मी कलेक्टर कचेरीत जाऊन विचारून आले. परवाना वारसाच्या नावे करता येतो, आणि वारसांत सूनही बसते. मग शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर जाऊन मी रीतसर प्रशिक्षण घेतलं, दाखला मिळवला आणि अर्ज आणून मामांपुढं ठेवला. फक्त त्यांची सही राहिली होती.

मामांनी अर्ज हातात घेतला, दोनदा उलटापालटा केला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"पाच बार सलग काढून दाव," ते म्हणाले. "मधी आडकली न्हाय पायजे. ही बंदूक ढिल्या मानसाच्या हातात आडकती. पाच निघाले तर सही. न्हायतर दुकानदाराकडं जमा करून मोकळा हुतो."

मी हसले. पाच बार म्हणजे माझ्या दृष्टीनं पेपर आधीच फुटल्यासारखं होतं. मी म्हणाले, "दसरा झाला की लगेचच्या रविवारी जाऊ, मामा."

त्या आधीच्या दोन महिन्यांत मी बंदुकीला नटवलं होतं. दस्त्याच्या बुडाला जाड रबर बसवलं, म्हणजे खांद्याला दणका कमी. दस्त्यावर सहा काडतुसं बसतील असा चामड्याचा पट्टा चपला शिवणाऱ्याकडून बेतून घेतला. त्यानं मापासाठी काडतूस मागितलं तेव्हा मी खडूंना कागद गुंडाळून तेवढ्याच जाडीचे तुकडे नेऊन दिले. सोलापुरी चादर दुहेरी करून तिचं कव्हर शिवलं. आणि नळीच्या टोकाची, नेम धरायची जुनी पितळी माशी झिजली होती, तिच्या जागी रेंजवर शिकवणाऱ्या सुभेदारांकडून नारिंगी चमकणारी बसवून घेतली.

मामांनी सगळ्यावरून हात फिरवला. "रबर बरं हाय," ते म्हणाले. माशीवर बोट टेकून म्हणाले, "आनि हिला ही टिकली कशाला लावलीस गं?"

"नेम धरताना दिसायला, मामा."

"आमाला कवा लागली न्हाय."

खंडेनवमीला आमच्याकडं शस्त्रांची पूजा असते. विळा, कोयता, कुऱ्हाड, पान्हे, आणि मधोमध पाटावर बंदूक. आदल्या दिवशी मी ती उघडून पुसून काढली, हवं तिथंच तेल दिलं. पाटावर ठेवताना नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट मागं ओढून उघडा ठेवला आणि उघडी बाजू वर केली. प्रशिक्षणात पहिल्या तासाला हेच शिकवतात: बंदूक रिकामी आहे हे बघणाऱ्याला लांबूनही कळलं पाहिजे. याआधी मामा ती बंद करूनच पुजायचे. मी माझ्या शिस्तीवर खूष होते. नळीला हळदकुंकू लावायचं नाही, फक्त दस्त्याला, असा नियमही मी घालून दिला आणि तो मामांनी मुकाट्यानं पाळला. त्यांनी झेंडू वाहिला, मूठभर अक्षता टाकल्या, हात जोडले. संध्याकाळी मी कुंकू पुसलं, बोल्ट बंद केला आणि बंदूक चादरीत घालून कपाटात ठेवली. कालच तर साफ केली होती.

रविवारी सकाळी आम्ही दोघं रेंजवर गेलो. रेंज म्हणजे टेकडी खोदून केलेला मातीचा उंच बांध आणि अलीकडं पत्र्याची शेड. सुभेदार, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले आमचे प्रशिक्षक, आधीच येऊन बसले होते. परवाना मामांचा, म्हणून मामा माझ्या शेजारीच उभे राहिले.

आधी कागदावर चाचणी. मोठा पांढरा कागद लावायचा, तीस पावलांवरून एकेक बार काढायचा आणि छर्रे कसे पसरतात ते मोजायचं. मी दर वेळी एकच काडतूस हातानं नळीत सारत होते. तीन कागद झाले. दोन प्रकारच्या काडतुसांत एकाचे छर्रे उजवीकडं दाटत होते, दुसऱ्याचे मधोमध सारखे बसत होते. मी वहीत आकडे टिपले. सुभेदार म्हणाले, "ताई, खांदा पक्का आहे तुमचा." मला आधीच ठाऊक होतं, तरी ऐकून बरं वाटलं.

मग पाच. एक नळीत, चार खाली. मी मामांकडं एकदा बघितलं, दस्ता गालाला लावला आणि चाप ओढला. पहिला बार बांधावर फुटला, रिकामं काडतूस उजवीकडं उडालं. पुढं काहीच नाही. बोल्ट अर्ध्यावर अडकला होता आणि दुसरं काडतूस तोंड तिरकं करून आत फसलं होतं.

मी नळी बांधाकडंच ठेवली, बोट चापावरून काढलं आणि हात वर केला. कान तापले होते. मागून मामांचा आवाज आला.

"लई नटवलीस की तिला."

मला राग आला. रबराचा आणि बोल्टचा काय संबंध, पट्ट्याचा काय संबंध, हे मला तिथंच फळा मागवून समजावून सांगावंसं वाटलं. पण सुभेदारांनी बंदूक घेतली, काडतुसं एकेक बाहेर काढली, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि टेबलावर खालचा भाग उघडला. काडतूस वर उचलणारी एक पत्ती असते. तिच्याखाली त्यांनी चिमटा घातला आणि तांदळाचे दोन लाल दाणे काढून कागदावर ठेवले.

"ताई, जेवायला वाढलं होतं काय हिला?"

मला पाट दिसला, वर केलेली उघडी बाजू दिसली. एकेक काडतूस हातानं घातलं तेव्हा त्या पत्तीला कामच नव्हतं, म्हणून तिन्ही कागद बिनबोभाट झाले. मी म्हणाले, "चूक माझी. पूजेनंतर आत डोकावून बघायला हवं होतं." आणि ते खरंच होतं. अक्षता कुणाच्याही असोत, कपाटात ठेवणारे हात माझे होते.

मामा टेबलाजवळ आले. "बोल्ट उघडा ठेवला हुतास तू?"

"हो मामा. पूर्ण मागं ओढून."

त्यांनी कागदावरचे दाणे बोटानं चाचपले. मग म्हणाले, "मी बगितलं हुतं की. अक्षता टाकायच्या आदी वाकून बगितलं. मला बंदच दिसली."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. पाटाजवळ समई होती, वर ट्यूबलाइट होती, आणि उघडा बोल्ट म्हणजे माझी चार बोटं जातील एवढी खाच. आधीच्याच महिन्यात मामा ही बंदूक घेऊन एकटेच शेतावर दोन दिवस राहून आले होते. तिथं सालगड्याची पोरंबाळं राहतात.

"मामा, कधीपासून?"

"डावा डोळा कवाचाच गेलाय. उजव्यानं पावसाळ्यापास्नं असंच, धुरातनं बगितल्यागत." सुभेदार तिथून उठून कागद गोळा करायला गेले. मामा खालच्या आवाजात म्हणाले, "घरात सांगू नको म्हनलो असतो. पर आता सांग. दवाखान्यात बी ने. आनि मार तेवढे पाच."

मी सगळा भाग उलटा करून झटकला, ब्रश फिरवला, पुन्हा जोडला. पाच काडतुसं भरली. पाचही बार एका दमात गेले. मामा बांधाकडं तोंड करून ताठ उभे होते आणि प्रत्येक बाराला पुटपुटत मोजत होते. पाचव्यानंतर त्यांनी फक्त मान हलवली. मी जिंकले होते, आणि मला तिथं उभं राहवत नव्हतं.

त्याच दुपारी जेवणं झाल्यावर मामांनी खिशातून अर्ज काढला. इतके दिवस खिशात राहून घड्यांवर मऊ पडला होता. टेबलावर पसरून ते त्यावर वाकले, पेन उघडलं आणि थांबले.

"सही कुटं करायची, तितं बोट ठेव," ते म्हणाले.

मी रेघेच्या सुरुवातीला बोट ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं माझं बोट चाचपलं, त्याच्या कडेला पेन टेकवलं आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं. सही चढत चढत वरच्या छापील ओळीवर गेली. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"रेघेवर आली न्हवं?" मामांनी विचारलं.

वर्गात पोरांची रेघ एवढीशी चुकली तरी मी पुन्हा काढायला लावते.

"अगदी रेघेवर, मामा," मी म्हणाले.