लाइन खाली

“लेव्हल नऊ पास कोणी केली?” आमच्या कंपनीच्या सरांनी विचारलं.

फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये डेमो चालू होता. स्क्रीनवर बॉल चौथ्यांदा पट्टीच्या बाजूनं निसटला होता. खेळत होत्या शहपुऱ्याच्या एक रिटायर्ड शिक्षिका. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात नुकता हलू लागला होता. त्यांनी हँडल सोडलं आणि हात पदराखाली घेतला. “रहने दो बेटा, हमसे नहीं होगा.”

मी हँडलची वायर तपासायला लागलो. मी टेस्टर आहे, बावीस वर्षं झाली. दुसऱ्यानं बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम.

गेम साधाच. वर विटांच्या रांगा, तळाशी आडवी पट्टी, मधे बॉल. पट्टी सरकवून बॉल वर मारायचा, लागेल ती वीट फुटते. आमच्या गेममध्ये पट्टी हँडलनं सरकते, म्हणजे खेळता खेळता पेशंटच्या हाताला व्यायाम होतो. तो बनवला आमच्या टीममधल्या रंजना दुबेनं. वीट फुटल्याचा आवाज तिनं घरच्या पापडावरून रेकॉर्ड केला होता. मला तो गेम इतका आवडला होता की टेस्टिंग संपलं तरी खेळत बसायचो.

लेव्हल नऊमध्ये विटांची रांग पट्टीच्या फार जवळ होती. बॉल लगेच परत यायचा, हळू हाताला वेळच मिळत नव्हता. आमचं ऑफिस हिंदी मुलखात, त्यामुळे बगशीट, म्हणजे चुकांची यादी, हिंदीत असते. मी लिहिलं, “लेव्हल ९, ईंटों की लाइन खाली.” शीट रंजनाकडून परत आली तेव्हा त्या ओळीपुढे ‘क्लोज्ड’ होतं. अशा वेळी रीटेस्ट करायची असते, म्हणजे स्वतः पुन्हा खेळून बघायचं. त्या दिवशी महाराजपूरला घरी गॅस सिलिंडर यायचा होता. मी ‘पास’ लिहिलं आणि निघालो.

डेमोहून परतताना गाडीत सर म्हणाले, “बग न पाहता बंद करून टाकला पोरीनं. पुढचा प्रोजेक्ट तिला काहून द्यायचा?” पुढचा गेम लहान मुलांसाठी होता, आणि तो रंजना लीड करणार हे ठरलेलं होतं. तिनं घरी सांगूनही टाकलं होतं.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दोन आठवडे असेच गेले. आम्ही दुपारी डबा एकत्र खातो. तिच्या डब्यातली अर्धी भाजी माझी असते. एकदा ती म्हणाली, “भैया, समझ में नहीं आता. मैंने तो ईंटें गिनी थीं. पूरी चौदह थीं.”

विटा कशाला मोजल्या हिनं? मग लक्षात आलं. आमच्या घरी खाली म्हणजे नीचे. तिच्या घरी खाली म्हणजे रिकामं. मी लिहिलं रांग खाली आलीय. तिनं वाचलं रांग रिकामी आहे. बघितलं तर भरलेली, म्हणून बंद केला.

लगेच सरांकडे गेलो. सर मराठीच, पोटभर हसले. “आमची आई म्हणायची, गाडी खाली आहे. ड्रायव्हर रिकामी समजून आपल्या बायकोला फिरवून आणायचा.” मीही हसलो. हलकं वाटलं. शब्दाची चूक, माणसाची नाही.

मग सर म्हणाले, “अच्छा, पण रीटेस्टमध्ये काहून नाही सापडलं? ते पण रंजनानंच केलं का?”

हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं.

“नाही सर. ते माझं काम. मी केलंच नाही. न खेळता पास लिहिलं.”

सरांचं हसणं थांबलं. “आणि दोन आठवडे मी तिला बोलून राहिलो, तुम्ही ऐकून राहिले?”

“हो.”

सहा महिन्यांसाठी माझा साइन-ऑफचा, म्हणजे अंतिम मंजुरीचा, अधिकार गेला. प्रोजेक्ट रंजनाला मिळाला. तिनं ती रांग चार बोटं वर सरकवली. शहपुऱ्याच्या बाई परत आल्या, लेव्हल नऊ पार केली आणि दहावी लावायला सांगितली.

रंजनालाही मी सगळं सांगितलं, सिलिंडरसकट. ती दोन दिवस दुसऱ्या टेबलावर जेवली. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसली, शांतपणे सगळं जेवण संपवलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

“लो भैया. खाली है.”

“कौन सा खाली?”

“हिंदीवाला.”

डब्यात खरंच काही नव्हतं. चौथ्या दिवसापासून अर्धी भाजी परत सुरू झाली.

आता मी शीटमध्ये ‘नीचे’ लिहितो. पास लिहिण्याआधी खेळतो. सिलिंडर शेजारचे घेऊन ठेवतात.